पॅनेल डॉक्टर ते पॅकेज दर : आरोग्यविमा सुधारणा आणि व्यवस्थापित वैद्यकसेवा
(पुणे शहर व महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना

पैसे देणारी संस्था, उपचार करणारा डॉक्टर आणि रुग्ण या तिघांना एका कराराने बांधून घेऊन उपचारांचा खर्च व दर्जा यांवर एकाच वेळी नियंत्रण ठेवण्याची जी पद्धती आहे, तिला अमेरिकेत ‘मॅनेज्ड केअर’ असे नाव मिळाले. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘व्यवस्थापित वैद्यकसेवा’ हा शब्द योजला आहे. आपल्याकडे या पद्धतीची चर्चा साधारणतः २००१ पासून, म्हणजे विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाल्यावर आणि त्रयस्थ प्रशासक ऊर्फ ‘टीपीए’ यांना परवाने मिळू लागल्यावर सुरू झाली, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तारीख जवळजवळ अर्धशतकाने चुकली आहे. महाराष्ट्रातील गिरणी कामगारांना व्यवस्थापित वैद्यकसेवेचा अनुभव १९५४ पासून होता. ते तिला ‘पॅनेल’ म्हणत. त्या पॅनेलपासून आजच्या पॅकेज दरांपर्यंत विम्याच्या प्रत्येक सुधारणेने नेमके काय व्यवस्थापित केले आणि काय वाऱ्यावर सोडले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

पॅनेलची पूर्वपीठिका

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२७ मध्ये आजारविम्यासंबंधीचे ठराव संमत केले. त्यानंतर हिंदुस्थान सरकारपुढे हा प्रश्न वारंवार आला आणि तितक्याच वेळा पुढे ढकलला गेला. डॉक्टरांची कमतरता, कामगारांचे सतत गावाकडे जाणे-येणे आणि वर्गणी कापून घेण्यास होणारा विरोध ही कारणे ठरलेली असत. अखेर मार्च १९४३ मध्ये अलाहाबाद विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १५ ऑगस्ट १९४४ रोजी सादर झाला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज व धातू या तीन उद्योगांपुरती आखलेली ही योजना आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी तपासली आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये, प्रथम नागपुरास व नंतर मुंबईस आली.

याच काळात भोर समितीचा अहवाल (१९४६) प्रसिद्ध झाला होता. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे त्या समितीचे सूत्र होते आणि त्यासाठी तिने विम्याऐवजी शासकीय सेवेचा मार्ग सुचविला होता. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्यापुढे दोन आराखडे होते. एक सर्वांसाठी, सरकारी पैशातून. दुसरा संघटित कामगारांसाठी, वर्गणीतून. आपण दोन्ही स्वीकारले आणि दोन्हींसाठी पुरेसा पैसा ठेवला नाही, असे म्हटल्यास फारसे वावगे ठरणार नाही.

योजनेतील वैद्यकीय सेवा द्यायची कशी, हा खरा पेच होता. कानपूर-दिल्लीत विमा दवाखाने उघडून पगारी डॉक्टर नेमले गेले. मुंबईत मात्र चाळी-चाळींच्या तळमजल्यावर खासगी डॉक्टरांचे दवाखाने आधीपासूनच होते. तेथे पॅनेल पद्धती स्वीकारण्यात आली. कामगाराने नोंदलेल्या डॉक्टरांच्या यादीतून आपल्या वस्तीजवळचा डॉक्टर निवडायचा आणि त्या डॉक्टराला, रुग्ण येवो अथवा न येवो, नोंदलेल्या माणसांच्या संख्येनुसार दरडोई ठरावीक मेहनताना मिळायचा. हीच पद्धती पुढे पुणे परिसरातही आली.

‘पॅनेल’ हा शब्द ब्रिटनमधून आला. लॉइड जॉर्ज यांच्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने तेथे डॉक्टरांच्या अशा याद्या निर्माण केल्या होत्या. एक विलक्षण योगायोग येथे नोंदवावासा वाटतो. आपला कायदा एप्रिल १९४८ मध्ये झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनने पॅनेलची विमापद्धती मोडीत काढून राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. दरडोई मेहनताना ब्रिटनने टिकवला, मात्र तो कामगारांपुरता न ठेवता प्रत्येक नागरिकासाठी लागू केला. आपण सहा वर्षांनी पॅनेल उचलले ते त्याच्या जुन्या, कामगारांपुरत्या रूपात.

अमेरिकेतील समांतर घटनाही पाहण्यासारखी आहे. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कालव्याचे काम करणाऱ्या मजुरांसाठी डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी लहानसे रुग्णालय काढले. विमा कंपनीकडून बिलांचे पैसे वेळेवर मिळेनात, तेव्हा त्यांनी माणशी दररोज काही सेंट आगाऊ घेण्याचा करार केला. पैसे आधीच हाती आल्यावर जखमी मजूर हा उत्पन्नाचा विषय न राहता खर्चाचा विषय झाला, आणि डॉक्टरांचे लक्ष बांधकामाच्या जागेवर पडलेले खिळे उचलून घेण्याकडे गेले, असे सांगितले जाते. पुढे याच प्रयोगातून कैसर पर्मनंट ही संस्था उभी राहिली आणि १९७३ च्या कायद्याने अशा संस्थांना संघराज्य सरकारचे पाठबळ मिळाले. दरडोई मेहनतान्यामागील तर्क हाच आहे. माणूस निरोगी राहिला तर डॉक्टरचे नुकसान होत नाही.

प्रमाणपत्र आणि पगार

मुंबई-पुण्यातील पॅनेल डॉक्टरांमध्ये हा तर्क उतरला का? अंशतः उतरला. राज्य कामगार विमा योजनेचे एक वैशिष्ट्य नंतरच्या कोणत्याही योजनेत आढळत नाही. ती उपचारांबरोबर आजारपणातील बुडालेल्या मजुरीचा काही भागही देते. त्यामुळे पॅनेल डॉक्टरच्या सहीला दुहेरी वजन आले. औषध कोणते द्यायचे हे तो ठरवी आणि कामगार कामावर जाण्यास योग्य आहे की नाही हेही तोच ठरवी. तत्त्वतः, कामगार लवकर बरा होण्यात विमा महामंडळाचे दोन्ही बाजूंनी हित होते. व्यवहारात मात्र प्रमाणपत्र हाच डॉक्टर आणि कामगार यांच्या भेटीचा मुख्य विषय होऊन बसला. मेहनताना तुटपुंजा असल्याने पॅनेलच्या रुग्णासाठी वेळ कमी आणि रोख पैसे देणाऱ्यासाठी अधिक, असा दुजाभाव होत असल्याची तक्रार कामगार वस्त्यांमध्ये नवी नव्हती.

याहून मोठा दोष रचनेतच होता. वर्गणी गोळा करणारे महामंडळ केंद्राचे. वैद्यकीय सेवा पुरविण्याची जबाबदारी राज्य सरकारची. खर्चाचे आठ भाग केले तर सात महामंडळाचे आणि एक राज्याचा, अशी विभागणी ठरली. ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती दवाखाना नाही, आणि ज्याच्या हाती दवाखाना त्याला शिल्लक पैशाचा लाभ नाही. व्यवस्थापित वैद्यकसेवेचा आत्मा म्हणजे पैसा आणि उपचार यांची एकत्रित जबाबदारी. ती येथे जन्मतःच दुभंगली.

तिसरी गोष्ट वेतनमर्यादेची. मूळ कायद्यात ४०० रुपये मासिक वेतनापर्यंतचेच कामगार योजनेत येत. ही मर्यादा वेळोवेळी वाढली. २००६ मध्ये १०,०००, २०१० मध्ये १५,००० आणि जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. परंतु पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांत वेतनकरार मर्यादेच्या पुढे धावत राहिले. पगार वाढलेला कायम कामगार योजनेबाहेर पडला आणि मालकाने घेतलेल्या गट मेडिक्लेमच्या छत्राखाली गेला. त्याच्या शेजारी उभा असलेला कंत्राटी कामगार राज्य कामगार विम्यातच राहिला. एकाच जुळणी-पट्ट्यावर दोन माणसे, दोन विमे, दोन निराळी रुग्णालये. बोलका आणि संघटित कामगार ज्या योजनेतून निघून जातो, तिच्या रुग्णालयांविषयी आवाज उठविणारे कोणी उरत नाही. बिबवेवाडी व चिंचवड येथील कामगार विमा रुग्णालयांचा विचार या पार्श्वभूमीवर व्हावयास हवा.

मेडिक्लेम आणि त्रयस्थ प्रशासक

१९७२ च्या कायद्याने सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले व चार सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. १९८६ मध्ये त्यांनी मेडिक्लेम ही पॉलिसी आणली. मध्यमवर्गाला ती सोयीची वाटली. तथापि वैद्यकसेवेच्या दृष्टीने ते एक पाऊल मागे होते. रुग्णालयात किमान चोवीस तास दाखल व्हायचे, बिल स्वतः भरायचे आणि मग भरपाई मागायची, अशी तिची पद्धत होती. बाह्यरुग्ण उपचार, नेहमीची औषधे, फॅमिली डॉक्टर यांपैकी कशालाही तिच्यात स्थान नव्हते. पॅनेलमध्ये आजाराची सुरुवात जेथे होते तो दवाखाना केंद्रस्थानी होता. मेडिक्लेमने तो वगळून थेट रुग्णालयाचे प्रवेशद्वार गाठले. मधुमेहाच्या गोळ्यांना पैसे नाहीत, पण मधुमेहाने पाय कापावा लागला तर आहेत, ही विसंगती आपल्या विमाविचारात तेव्हापासून घट्ट बसली.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले. २००१ मध्ये त्रयस्थ प्रशासकांसंबंधीचे नियम आले. त्याच वर्षी पुण्यात मुख्यालय असलेली बजाज अलायन्झ ही खासगी कंपनी सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात उतरली. आता कॅशलेस, नेटवर्क रुग्णालय, पूर्वमंजुरी असे शब्द घरोघरी आले. हीच अमेरिकी मॅनेज्ड केअर, असा अनेकांचा समज झाला. वस्तुतः त्रयस्थ प्रशासकाला मिळणारा मोबदला विम्याच्या हप्त्याशी निगडित होता. रुग्णाच्या प्रकृतीशी त्याचा संबंध नव्हता. रुग्णालयाला प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक दिवसाचे स्वतंत्र पैसे मिळत. गारफिल्ड यांनी खिळे उचलले, कारण जखमेचा खर्च त्यांच्या अंगावर पडणार होता. येथे तो ना डॉक्टरच्या अंगावर पडत होता, ना प्रशासकाच्या. डिस्चार्जच्या दिवशी अंतिम मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत बिलिंगच्या खिडकीपाशी ताटकळलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला हे व्यवस्थापन नेमके कशाचे असते, याची कल्पना आहे.

बिले फुगत गेली. १ जुलै २०१० रोजी चारही सरकारी कंपन्यांनी मुंबई, दिल्ली आदी महानगरांतील अनेक मोठ्या रुग्णालयांची कॅशलेस सुविधा काढून घेतली आणि ठरावीक शस्त्रक्रियांसाठी ठरावीक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांचे निवडक जाळे उभारले. ‘पीपीएन’ या नावाने हे दर ओळखले जातात. विमा कंपन्यांनी एकत्र येऊन रुग्णालयांशी दरांबाबत घासाघीस करण्याचा हा पहिला मोठा प्रसंग होता. त्या वेळी तो कंपन्या आणि रुग्णालये यांच्यातील धंद्याचा वाद वाटला; दहा वर्षांनी त्याच दरपत्रकाला अनपेक्षित महत्त्व आले. त्याचा उल्लेख पुढे येईल.

पुण्यातील एक वेगळा प्रयोग

या सर्व घडामोडी चालू असताना पुण्याच्या वस्त्यांमध्ये एक निराळीच गोष्ट घडत होती. डॉ. मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या अन्नपूर्णा परिवाराच्या बचत-कर्ज कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली होती. भाजीविक्रेत्या, मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांचे कर्ज बुडण्यामागे घरातील आजारपण हे मोठे कारण होते. त्यातून २००३ च्या सुमारास परस्पर-साहाय्याचा आरोग्यनिधी उभा राहिला. ‘अपलिफ्ट’ या पुण्यातील संस्थेनेही याच धर्तीवर वस्तीपातळीवरील संघटनांना एकत्र आणले.

या निधींची कार्यपद्धती बारकाईने पाहण्यासारखी आहे. सभासद स्त्रिया अल्प वर्गणी भरतात. शहरातील निवडक रुग्णालयांशी सवलतीच्या दराचे करार केलेले असतात. आजारी पडल्यावर कोठे जावे, याचा सल्ला फोनवर मिळतो. आरोग्य शिबिरे होतात. दावा मंजूर करावा की नाही, याचा निर्णय सभासदांची समिती घेते. म्हणजे आपल्याच वर्गणीतून शेजारणीला किती द्यायचे हे त्याच ठरवतात. गरज नसता सलाईन लावून घेणारीला प्रश्न विचारणारी समिती, ही कोणत्याही विमा कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापेक्षा अधिक जाणकार असू शकते. कारण तिला रुग्णही माहीत असतो आणि गल्लीतला डॉक्टरही. व्यवस्थापित वैद्यकसेवेच्या व्याख्येच्या सर्वांत जवळ जाणारे महाराष्ट्रातील उदाहरण कोणते, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक या निधींकडे बोट दाखवील.

राष्ट्रीय विमा सुधारणेने या प्रयोगाचे काय केले? विमा कंपनी म्हणून नोंदणीसाठी १०० कोटी रुपये भांडवलाची अट होती. २००५ च्या सूक्ष्मविमा नियमांनी स्वयंसेवी संस्थांना स्थान दिले ते विमा कंपनीचे मध्यस्थ म्हणून. स्वतः जोखीम उचलणारी परस्पर संस्था म्हणून नव्हे. त्यामुळे हे निधी कायद्याच्या कडेला, ‘विमा’ हा शब्द टाळून चालत राहिले. सुधारणेचा हेतू ग्राहकाच्या रक्षणाचा होता यात शंका नाही. मोठ्या भांडवलाची अट बुडव्या कंपन्यांपासून संरक्षण देते. परंतु त्याच अटीने व्यवस्थापनाचे एक अस्सल देशी रूप वाढू शकले नाही, ही वस्तुस्थितीही नोंदवणे भाग आहे.

पॅकेजचे युग

आंध्र प्रदेशात २००७ मध्ये आरोग्यश्री योजना सुरू झाली आणि तिच्या यशाची, विशेषतः राजकीय यशाची, दखल शेजारच्या राज्यांनी घेतली. महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी योजना होतीच. तिच्या जागी २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये संपूर्ण राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना लागू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळू लागले; मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ही मर्यादा अडीच लाख होती. पुणे जिल्हा दुसऱ्या टप्प्यात आला. एप्रिल २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पाच लाखांच्या संरक्षणासह आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही योजना राज्यात एकत्रितपणे राबविल्या जाऊ लागल्या.

या योजनांनी व्यवस्थापनाची साधने नक्कीच मजबूत केली. प्रत्येक शस्त्रक्रियेला पॅकेज दर, संगणकावरून पूर्वमंजुरी, रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र, उपचारानंतरचे छायाचित्र व कागदपत्रे, दाव्यांची छाननी ही सर्व यंत्रणा मेडिक्लेमच्या काळात कल्पनेतही नव्हती. ससूनसारखे १८६७ पासूनचे सरकारी रुग्णालयही आता दावे दाखल करून पैसे मिळवू लागले. ज्या कुटुंबाने पूर्वी हृदयशस्त्रक्रियेसाठी जमीन विकली असती त्याची जमीन वाचली, हे कोणीही नाकारू नये. देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आल्याचे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. त्याचे सर्व श्रेय विम्याला देता येणार नाही, तरी दिशा दिसते.

तथापि पॅकेज दर हे दाखल झालेल्या रुग्णाचे व्यवस्थापन आहे. दाखल होण्यापूर्वीची दहा वर्षे त्याच्या कक्षेबाहेर राहतात. आयुष्मान भारत कार्यक्रमाचे दोन भाग होते. दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रे हा पहिला आणि विमा हा दुसरा. दोन्हींचे पैसे निराळे, यंत्रणा निराळ्या. आरोग्यवर्धिनी केंद्रातील डॉक्टराने रक्तदाब आटोक्यात ठेवून पक्षाघात टाळला, तर त्यातून वाचलेला पैसा त्या केंद्राकडे कोणत्याही मार्गाने येत नाही. १९५४ साली महामंडळ आणि राज्य यांच्यात पडलेली फूट येथे नव्या रूपात पुन्हा दिसते. दर परवडत नाहीत अशी खासगी रुग्णालयांची तक्रार असल्याने पुण्यासारख्या शहरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. योजनेचे कार्ड हाती असलेल्या रुग्णाला जवळचे मोठे रुग्णालय योजनेत नाही असे कळते, किंवा असलेच तर त्याला हवा असलेला उपचार तेथील मंजूर विभागात नाही. पुणे महानगरपालिकेची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजना आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा (मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार दहा टक्के निर्धन व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी) यांचा आधार मग घ्यावा लागतो. एकाच रुग्णाचे नातेवाईक तीन खिडक्यांवर तीन संच कागद घेऊन उभे राहतात. प्रत्येक खिडकीमागे एक व्यवस्थापक आहे. रुग्णाच्या बाजूने सर्वांशी बोलणारा कोणी नाही. पॅनेल डॉक्टरकडून एके काळी हीच अपेक्षा होती.

२०२० मधील काही महिने या इतिहासात वेगळे उठून दिसतात. ३० एप्रिल २०२० च्या आदेशाने राज्य शासनाने विमा नसलेल्या रुग्णांसाठी पीपीएन दरांची मर्यादा घातली. २०१० च्या वादातून जन्मलेले दरपत्रक असे सरकारी झाले. २१ मे रोजीच्या आदेशाने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रित दराखाली आल्या. साध्या कक्षासाठी दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागासाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये असे दर ठरले. पुण्यात बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमण्यात आले. त्याच महिन्यात महात्मा फुले योजना राज्यातील सर्व नागरिकांना खुली करण्यात आली. दरनियंत्रण, सार्वत्रिक संरक्षण आणि बिलांची तपासणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. अंमलबजावणीत त्रुटी होत्या, रुग्णालयांचा विरोध होता, वादही पुष्कळ झाले. तरी विमा कंपनीच्या मध्यस्थीवाचून शासन स्वतः दर ठरवू शकते, हे त्या वर्षी दिसून आले. साथ ओसरल्यावर हे दर-आदेशही मागे पडले. सार्वत्रिक संरक्षणाची कल्पना मात्र टिकली. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने पाच लाखांचे संरक्षण राज्यातील सर्व कुटुंबांना देण्याचे ठरले आणि पुढील वर्षी त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

खासगी विम्यातही हालचाल झाली आहे. मे २०२४ च्या परिपत्रकाने नियामक प्राधिकरणाने कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. हप्ता स्वस्त झाला, खिडकीवरील प्रतीक्षा कमी होईल. बाह्यरुग्ण उपचारांना बहुतेक पॉलिसींमध्ये अद्याप जागा नाही.

आणि पॅनेलचे काय? १९४८ चा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला. वर्गणीचा दर २०१९ पासून मालकासाठी सव्वातीन टक्के आणि कामगारासाठी पाऊण टक्क्यावर आला आहे. २०२४ मध्ये राज्य कामगार विमा योजनेची प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी सांगड घालण्याचे ठरले. तिच्यामुळे विमाधारक कामगाराला मोठ्या उपचारांसाठी जन आरोग्य योजनेतील रुग्णालये उपलब्ध होतील. बिबवेवाडी-चिंचवडच्या मर्यादित सोयी पाहता ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र त्या रुग्णालयात कामगाराला पाठविण्याचा निर्णय कोणी घ्यायचा, आजारपणातील मजुरीचे प्रमाणपत्र कोणी द्यायचे आणि घरी परतल्यावर त्याची औषधे कोणी पाहायची, ही तिन्ही कामे अजूनही दरडोई मेहनतान्यावर नोंदलेल्या वस्तीतल्या डॉक्टरकडे किंवा विमा दवाखान्याकडेच आहेत. त्या मेहनतान्याचा दर ठरविताना पॅकेज दरांइतकी चर्चा होत नाही.